नवसाचं कासव

कासवांचा मला कंटाळा येत नाही. त्यांना धुवा, सुई टोचा, ती आपली डोळे मिटून पडतात. कंटाळा येतो तो मदतीला येणाऱ्या माणसांचा. आजारी कासवांच्या आमच्या या केंद्रात दर महिन्याला नवे पाहुणे उतरतात, पाठीवर स्वतःएवढ्या पिशव्या घेऊन. टाक्या घासतात, कासवांना नावं देतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात, निघताना गळ्यात पडून रडतात. ते गेले की नव्यांना पहिल्यापासून कोण शिकवणार? मी, साउमू. दुसरं आहे कोण?

त्या खेपेला नॉर्वेची मारित आली होती. आधी कुठे हत्ती सांभाळून, कुठे माकडं सांभाळून फिरत फिरत आमच्या किनाऱ्याला लागलेली. कामाला वाईट नव्हती. तीही माझ्याइतकीच दमलेली दिसायची, म्हणून मी तिच्यावर जरा कमी ओरडायचे. ब्वानाहेरींचं कासव मी तिच्याच हवाली केलं होतं.

ब्वानाहेरी आमच्या गावचे म्हातारे कोळी. त्यांच्या जाळ्यात हे मोठं हिरवं कासव अडकलं. पोटात प्लास्टिक गेलेलं, त्यामुळे त्याला बुडी मारता येईना, नुसतं तरंगायचं. आमच्याकडे पद्धत अशी की जाळ्यात सापडलेलं कासव कोळी आम्हाला आणून देतो, आणि बरं झालं की त्याच्याच हातून समुद्रात सोडलं जातं. म्हाताऱ्यांनी या पद्धतीला स्वतःचं शेपूट जोडलं. त्यांचा मुलगा आथमान परक्यांच्या मासेमारी जहाजावर उत्तरेला गेला होता. दक्षिणेचा वारा सुटल्यापासून, म्हणजे कित्येक महिने, ना त्याची खबर, ना जहाजाची. कासव जिवंत पाण्यात गेलं की आथमान घरी येईल, अशी म्हाताऱ्यांनी मनाशी खूणगाठ बांधली. मशिदीत इमामांनी त्यांना झापलं, नवस करायचा तर अल्लाला करावा, कासवाला कसला करतोस. म्हातारे म्हणाले, अल्लालाच केलाय, कासव फक्त निरोप घेऊन जाणार आहे.

रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर ते टाकीच्या कडेला येऊन बसायचे, कासवाच्या गालावरचा जाळ्याचा व्रण चाचपायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे दिसायचं कमी. ते मारितला विचारायचे, कसं आहे? तिला आमच्या भाषेतलं एवढंच यायचं, "बरं आहे." ते ती रोज सांगायची आणि म्हातारे खूश होऊन जायचे.

बुधवारी सकाळी कासव मेलं. आधीही तरंगतच होतं, त्यामुळे कळायला वेळ लागला. मारित बराच वेळ त्याच्या तोंडाशी समुद्री गवत धरून उभी होती. आम्ही दोघींनी उचलून त्याला बर्फाच्या खोलीत ठेवलं. मी तिला बजावलं, म्हातारे आले की मला हाक मार, मी सांगेन. आणि ते यायच्या आत परतायचं म्हणून औषधं आणायला बाजारात गेले. परत येते तो म्हातारे फाटकातून बाहेर पडत होते. हसून म्हणाले, शुक्रवारी सोडताय ना, मी नवा पायघोळ कांझू घालून येतो.

मी तशीच टाकीवर गेले. "काय सांगितलंस त्यांना?"

"त्यांनी विचारलं," मारित म्हणाली. "मला 'मेलं' हा शब्द येत नव्हता."

"आणि येत असता तर?"

तिने घासणी खाली ठेवली. "तरी सांगितला नसता."

मी ती घासणी उचलून बादलीत फेकली. शनिवारी ही विमानात बसणार, आणि त्याच विहिरीवर, त्याच दुकानात म्हाताऱ्यांची गाठ माझ्याशी पडणार. शुक्रवारी सोडायचं होतं ते दुसरंच कासव, दक्षिणेकडच्या एका कोळ्याने दिलेलं. त्याला यायला जमत नव्हतं, म्हणून आमच्याच किनाऱ्यावरून सोडायचं ठरलं होतं. फाटकावरच्या पाटीवर कासव सोडण्याची तारीख होती, ती म्हाताऱ्यांना कुणी वाचून दाखवली असणार. गुरुवारी मी त्यांच्या घरी जायला निघाले आणि वाटेतल्या फणसाखाली बसून राहिले. मग मनात आलं, नाहीतरी त्यांना धड दिसत नाही. निभावेल.

शुक्रवारी भरतीला पाहुणे वाळूत ओळ धरून उभे राहिले. म्हातारे पांढऱ्याशुभ्र कांझूत आले. कासव खाली ठेवलं, तसे ते गुडघ्यावर बसले. पाठीवरून, मानेवरून, गालावरून त्यांनी हात फिरवला. गालावर हात थांबला. पुन्हा फिरला आणि पुन्हा थांबला.

"पोरी, हे माझं नाही," ते हळूच म्हणाले. इतरांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू. "माझं कधी मेलं?"

"बुधवारी."

त्यांनी हात काढला नाही. मला वाटलं, आता उठतील, शिव्या देतील, निदान रडतील. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"हे कुणाचं आहे?"

"दक्षिणेकडच्या एका कोळ्याचं. त्याला यायला जमलं नाही, बाबा."

"त्याचंही कुणी बाहेर असेल," ते म्हणाले. "त्याचं का अडवायचं?" मग त्यांनीच कासव पाण्याकडे ढकललं. लाट आली आणि ते आत शिरलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मारित टाळ्या न वाजवता पाण्याकडे बघत उभी होती. काय झालं ते तिला कळलं होतं.

ओल्या कांझूनिशी म्हातारे उठले. म्हणाले, घरी यातलं काही बोलू नकोस. मी हो म्हटलं आणि त्यांना एकटं सोडवेना म्हणून हाताला धरून घरापर्यंत गेले.

त्यांची बायको अंगणात होती. आथमानची गादी तिने चटईवर उन्हात टाकली होती.

"पाण्यात शिरलं?" तिने मला विचारलं.

"शिरलं."

"जिवंत?"

"जिवंत," मी म्हणाले. म्हातारे दुसरीकडे बघत होते.

तिने मान हलवली, आणि खालच्या बाजूलाही ऊन लागावं म्हणून गादी उलटी केली.