क्लॅरीने वाचवलेला टेलिफोन

मी एक जुना टेलिफोन आहे. माझा रंग मुळात सायीसारखा होता, आता तो चहा सांडलेल्या बशीसारखा झाला आहे. सातचे बटण दोनदा दाबावे लागते. मित्रांनो, ‘कूरालाँग मेल’ नावाच्या साप्ताहिकाच्या टेबलावर माझे सारे आयुष्य गेले. आणि इतके ऐकूनही मी आज गोंधळलेलाच आहे.

शेकडो भावंडांबरोबर मी कारखान्यात तयार झालो. तपासनीस बाईने माझा रिसीव्हर कानाला लावला आणि “ठीक” म्हटले, एवढेच माझे बारसे. तिथून मी आलो तो गव्हाच्या शेतांमधल्या या गावात. धान्य साठवायचा एक उंच सायलो, एक बेकरी, एक फुटबॉलचे मैदान. माझ्यातून जन्म आले, मृत्यू आले, मेंढ्यांचे भाव आले, कोणाच्या रानात किती मिलिमीटर पाऊस पडला तेही आले. संपादक नोला फ्रेन माझा रिसीव्हर खांद्यात धरून दोन्ही हातांनी लिहीत असे. दर गुरुवारी अंक निघे आणि दुपारपर्यंत बेकरीतल्या खिमा भरलेल्या ‘मीट पाय’बरोबर संपून जाई.

मालक मेलबर्नला होते. त्यांना मी कधी पाहिले नाही, नुसते ऐकले. “त्या ट्रॅक्टरवाल्याची बातमी काढा. आपला जाहिरातदार आहे तो,” असे ते सांगत. नोला भांडे. कधी जिंके, कधी हरे आणि रिसीव्हर आपटे. तेव्हा मला वाटे, मालक दूर आहे म्हणून हे असे होते. गावातला असता तर!

मग एके सकाळी मेलबर्नहून फोन आला. तीन मिनिटांत साप्ताहिक बंद झाले. खुर्च्या, फायली आणि मी, सगळे दारातल्या लोखंडी कचरापेटीत जाऊन पडलो.

तिथून मला उचलले ते क्लॅरी डनस्टनने. फुटबॉल क्लबचा अध्यक्ष, शेती मुलाकडे सोपवलेला, हात फावड्याएवढे. त्याने खिशातल्या रुमालाने मला पुसले.

“हा कुठं चाललाय?” तो नोलाला म्हणाला. “माझी बायको मार्ज गेली त्याची बातमी याच्यावरूनच दिली होती मी. याला मी टाकू देणार नाही. आणि तुलाही.”

त्याने गावच्या हॉलमध्ये सभा बोलावली. बायकांनी लॅमिंग्टन केक केले, पुरुषांनी भाषणे केली, आणि दोनशे घरे मिळून साप्ताहिकाची मालक झाली. क्लॅरी त्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. पहिल्याच दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला, “काय छापायचं ते तू ठरव, पोरी. आम्ही नाक खुपसणार नाही.”

मित्रांनो, मला वाटले, आता सुटलो! मालक गावातला, आणि तोही असा.

चार वर्षे अशीच गेली. मग एका सोमवारी हिल्डा नोस्केबाईंचा फोन आला. अर्ध्या गावाला शाळेत शिकवलेल्या या बाई आता गावच्या वृद्धाश्रमात राहत होत्या.

“नोला, माझे पाय भाजलेत. आंघोळीचं पाणी उकळतं आलं.”

“अरे देवा! बाई, कशा आहात आता?”

“मी बरी आहे. नळाचं सांगतेय. पाण्याचा वॉल्व्ह बिघडलाय हे समितीला मार्चपासून ठाऊक आहे. आता ऑगस्ट लागला. आणि सहानुभूती नकोय मला, छापून हवंय.”

नोलाने हो म्हटले नाही. आधी तिने आश्रमाच्या नर्सला फोन केला, ती कुजबुजत म्हणाली, “खरं आहे. पण माझं नाव नको गं.” मग समितीच्या बैठकीचा कागद मागवला. त्यात लिहिले होते, ‘वॉल्व्हचे पुढे बघू.’ खाली सही होती क्लॅरी डनस्टनची. वृद्धाश्रमाच्या समितीचाही तोच अध्यक्ष होता.

ज्याच्या हातांनी मी वाचलो, त्याच्याविरुद्धची तक्रार माझ्याच तारेतून आली होती. मला काही कळेनासे झाले. माझी बटणे कोणी दाबूच नयेत असे वाटले. पण नोलाने दाबली. सात, पुन्हा सात.

“क्लॅरी, तुमची बाजू हवीय मला.”



“चूक झाली,” तो म्हणाला. “प्लंबर येतो म्हणाला, आला नाही. मग पेरणी, मग फुटबॉलचे सामने, राहूनच गेलं. उद्या मी स्वतः नेऊन आणतो त्याला. पण छापू नकोस, नोला. छापलंस तर तपासणीवाले येतील, आश्रमाला कुलूप लावतील. चौदा म्हातारी माणसं मिल्ड्युराला जातील, दोन तासांवर. तुझी आई पण.”

“हे धमकी म्हणून सांगताय?”

“नाही गं पोरी. घाबरून सांगतोय.”

मित्रांनो, मी हजारो आवाज ऐकले आहेत. हा खोटा नव्हता. हिल्डाबाईंचाही नव्हता. मग बरोबर कोण?

नोलाने आईला फोन लावला. पेग म्हातारी ऐकून घेऊन म्हणाली, “मला इथंच राहायचंय. खिडकीतून सायलो दिसतो मला. पण हे मला विचारू नकोस. मी नको म्हटलं आणि तू थांबलीस, तर पेपर मी चालवला असं होईल. आणि हिल्डा माझ्या शेजारच्या खोलीत कण्हतेय.”

गुरुवारी बातमी पहिल्या पानावर आली. क्लॅरीचे म्हणणे एक शब्दही न कापता छापले होते. शेवटी जाड अक्षरांत दोन ओळी होत्या: ‘समितीचे अध्यक्ष हेच या साप्ताहिकाच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. संपादकाची आई याच आश्रमात राहते.’

त्या दिवशी मी वाजून वाजून तापलो. “ज्यानं पेपर वाचवला त्यालाच डसलीस?” “सख्ख्या आईला बेघर केलंस, बाई!” एक आवाज नुसता म्हणाला, “माझ्या बापालाही गेल्या महिन्यात चटका बसला होता. आम्ही गप्प बसलो,” आणि फोन ठेवला.

क्लॅरी म्हणाला होता तसेच झाले. आश्रम सात आठवडे बंद राहिला. बसमध्ये चढताना पेगने नोलाचा हात धरला नाही, असे नंतर कोणीतरी माझ्यावरून कोणालातरी सांगितले. नवा वॉल्व्ह बसला. चौदा जण गेले, बारा परतले. एक मुलीकडे राहिली. दुसरे म्हातारे गृहस्थ मिल्ड्युरालाच वारले. ते इथे असते तर जगले असते का? कोणी म्हणे हो, कोणी म्हणे त्यांचे वयच झाले होते. मी रोज दोन्ही ऐके. पेग परतली, पण तिची खोली बदलली होती; तिथून सायलो दिसत नसे.

क्लॅरीने मंडळ सोडले. बेकरीत नोला दिसली की तो ‘मीट पाय’ न घेताच बाहेर पडे. ती आता रिसीव्हर उचलण्याआधी क्षणभर थांबू लागली. मीही वाजताना कचरू लागलो.

पाच-सहा महिन्यांनी एका सकाळी मी वाजलो. नोलाने उचलले.

“डनस्टन बोलतोय. तुमच्या त्या बातमीत एक चूक आहे.”

नोलाने पेन्सिल घेतली. “कोणती?”

“मी समितीवर नऊ वर्षं होतो असं छापलंय. अकरा वर्षं होतो. दुरुस्ती छापा.”

“छापते. आणखी काही, क्लॅरी?”



“नाही,” तो म्हणाला. “बाकी सगळं बरोबर होतं.”

दुरुस्ती पुढच्या गुरुवारी दुसऱ्या पानावर आली. नोलाने ती कापून माझ्याखाली ठेवली.

आता सगळ्यांच्या खिशात फोन आहेत आणि मी खिडकीच्या फळीवर बसलेला असतो. मला अजून सांगता येत नाही की त्या सोमवारी काय करायला हवे होते. पण मित्रांनो, तुमच्या गावातही असे एखादे टेबल असेल, कोणी तरी दोन्ही बाजू ऐकून लिहीत असेल, तर त्याला जपा. ते तुमच्याबद्दल लिहील त्या दिवशी तर जास्तच जपा. भांडा, चुका दाखवा, दुरुस्ती मागून घ्या. फक्त कचरापेटीकडे नेऊ नका. प्रत्येक वेळी उचलून घ्यायला कोणी येईलच असे नाही.