हिरव्यावर पाय

कस्तुरबाईंनी उजवा पाय उचलला आणि गवताला टेकायच्या आत मागे घेतला.

समोर ओढ्याच्या उतारावर घाणेरीची जाळी फुलली होती. तिच्यावर फुलपाखरं होती, चार-पाच तरी. इतक्या लांबून नीट दिसत नव्हतं. मध्ये वीस पावलांचं गवत होतं, भाद्रपदातलं, पोटरीएवढं वाढलेलं, दवानं जड झालेलं. चातुर्मासात हिरव्यावर पाय द्यायचा नाही, हा नियम त्यांनी मुलगा विपुल झाला त्या वर्षी जैन साधू महाराजसाहेबांकडून घेतला होता. सव्वीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता.

"ओ शेठाणीबाई!" मागून गेणूभाऊंची हाक आली. खांद्यावर फवारणीचा पंप घेऊन ते बांधावर उभे होते. "त्या उसाच्या कडंला कशापायी उभ्या? परवाच हितनं बिबट्यानं शेरडू उचललंय."

कस्तुरबाई दचकून रस्त्यावर आल्या.

"फुलपाखरं बघत होते."

"काय बघत व्हता?"

"फुलपाखरं."

गेणूभाऊ मनापासून हसले. "किराणा सोडून आता फुलपाखरं इकता का काय? आवो, मग माझ्या झेंडूत चला की. बांधावरनं बघा, पाय बी भिजायचा न्हाई."

झेंडूचं रान डोळे दिपतील असं पिवळं होतं. कस्तुरबाई पाऊण तास बांधावर उभ्या राहिल्या. एकही पाखरू आलं नाही. वाऱ्याबरोबर नाकाला झोंबणारा वास येत होता.

"कालच औषध मारलंय ना," गेणूभाऊ म्हणाले. "त्याबिगर फूल टिकत न्हाई बघा."

कस्तुरबाई घराकडे, बेल्ह्याच्या रस्त्याला लागल्या. सोमवार निम्मा सरला होता. बुधवारी साडेदहाच्या गाडीनं सुनेचा, रीनाचा भाऊ पारस संगमनेरहून येणार होता, तिला माहेरी न्यायला. चार दिवसांसाठी, असं विपुल म्हणाला होता. पण रीनाची बॅग कस्तुरबाईंनी पाहिली होती. तिच्यात हिवाळ्याची शाल होती.

आषाढात रीनानं लोणच्याची रिकामी बरणी धुऊन घेतली होती. परसातल्या कढीपत्त्यावरच्या हिरव्या अळ्या पानांसकट तिच्यात ठेवल्या आणि तोंडाला मलमलचा फडका बांधला. कॉलेजात ती असल्या गोष्टी शिकली होती. रोज सकाळी ताजी पानं घालायची, जुनी काढायची, आणि विपुलला बोलावून दाखवायची. तेव्हा तिला तिसरा महिना होता. तो पुरा झाला नाही. दवाखान्यातून आली त्या संध्याकाळी ती ओट्यापाशी बरणीकडे बघत बसली होती आणि कस्तुरबाईंच्या तोंडून गेलं,

"जीव कोंडून ठेवायचे नसतात. कोंडणाऱ्याच्या पदरात जीव कसा ठरेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रीनानं अळ्या एकेक करून परत झाडावर सोडल्या. दुपारपर्यंत साळुंक्यांनी त्या वेचून खाल्ल्या. रीना खिडकीत उभी होती. कस्तुरबाईही स्वयंपाकघराच्या दारातून तेच बघत होत्या.

पुढे संवत्सरी आली. सगळ्या घरानं एकमेकांपुढे हात जोडले, वर्षभरात कळत नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा मागितली. कस्तुरबाईंनी रीनापुढेही हात जोडले. जे शब्द दुकानातल्या हमालाला म्हटले, तेच तिला म्हटले. रीनानंही तेच म्हटले. त्यानंतर दोघींत मिठासाखरेपुरतं बोलणं उरलं होतं.

मंगळवारी दुपारी चिमाबाई गूळ घ्यायला दुकानात आली. बैलबाजार उठला की मैदानातलं शेण गोळा करून गोवऱ्या थापणं हे तिचं काम. कस्तुरबाईंनी इकडेतिकडे पाहून तिला हळूच विचारलं.

"चिमाबाई, तू रानावनात फिरतेस. फुलपाखरं कुठं दिसतात गं? पण वाट कोरडी पाहिजे. गवत नको."

"अगं बया! शेठाणीला ह्या वयात फुलपाखरं?" चिमाबाईनं तोंडाला पदर लावला. "फुलं धुंडत बसू नगा. बाजाराच्या मैदानात या. बैलं मुतल्याली वल असती न्हवं, तिच्यावं बसत्यात. ढिगानं. मी पाटी घिऊन गेले की भुर्रकन उठत्यात."

"मुतावर?"

"मग! त्यास्नी काय तुमच्यावानी सोवळं हाय?"

कस्तुरबाई तासाभरात मैदानावर गेल्या. शेकडो खुरांनी तुडवलेली जमीन. औषधालासुद्धा गवत नव्हतं. मन थोडं हलकं झालं. पण आभाळ भरून आलेलं, आणि ओलीवर नुसत्या माश्या.

"ऊन लागतंय त्यास्नी," चिमाबाई गोवरी थापत म्हणाली. "सकाळी या. उद्याच्याला वल राहील, परवा न्हाई."

"उद्या ऊन पडेल?"

"ते मला काय ठावं? मी काय पंचांग हाय?"

त्या रात्री कस्तुरबाई तीनदा उठून खिडकीशी गेल्या.

सकाळी साडेनऊला उन्हाची तिरीप दुकानाच्या पायरीवर आली. रीना बॅगेची चेन लावत होती.

"माझ्याबरोबर जरा बाजाराच्या मैदानावर येतेस?"

"आत्ता? कशाला मम्मी?"

काय सांगायचं हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. ऐन वेळी काहीच आठवलं नाही. "चल तर. लवकर येऊ," एवढंच म्हणाल्या.

कस्तुरबाई वाटभर सवयीप्रमाणे खाली बघून, मुंगी चुकवत चालत होत्या. मैदानाच्या तोंडाशी येऊनही त्यांना मान वर करायचा धीर होईना. शेणाचा, मुताचा वास येत होता. ही म्हणेल, कुठं आणलंत मला. नाहीतर म्हणणारच नाही काही. ते तर त्याहून वाईट.

बाजूला रीनाची पावलं थांबली.

बैल बांधायच्या खुंट्यांच्या मधली ओली जमीन हलत होती. पिवळी, पांढरी, काळ्यावर निळा पट्टा असलेली. पंख मिटून, सोंडा मातीत खुपसून दाटीनं बसलेली. त्यांतलं एखादं उठायचं, दुसऱ्याला धक्का द्यायचं आणि पुन्हा बसायचं.

रीना उकिडवी बसली. बराच वेळ तशीच होती. कस्तुरबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. चेहरा दिसत नव्हता.

"मीठ शोषतात," रीना जमिनीकडेच बघत म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चिमाबाईनं."

मग काळं-पिवळं एक मोठं फुलपाखरू त्यांच्या डोक्यावरून गेलं. ते ओलीवर बसलं नाही. मैदानाच्या कडेला गुरांना पाणी पाजायचा हाळ होता. त्याच्यामागं कागदी लिंबाचं झाड होतं, तिकडं गेलं. रीना उठली आणि त्याच्यामागं चालू लागली. हाळाचं पाणी सांडून तिथं गवत माजलं होतं. ती सरळ त्यातून गेली आणि झाडाखालच्या दगडावर जाऊन बसली, पाठमोरी.

कस्तुरबाई गवताच्या कडेला थांबल्या. आठ पावलं असतील. दुसरी वाट आहे का, म्हणून त्यांनी हाळाला वळसा घालून पाहिला. तिकडं चिखल होता आणि चिखलावरही हिरवं. त्या परत जागेवर आल्या. रीनाचे खांदे हलत होते.

लांब रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला.

कस्तुरबाईंनी चपला काढल्या. पाय टेकला. गवत थंड होतं आणि त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा मऊ. पुढची सात पावलं त्यांनी मोजली.

चाहूल लागून रीना वळली. तिची नजर सासूच्या पायांवर गेली, आणि तिथंच राहिली.

"मम्मी, तुमचा नियम..."

"गवताचं मी महाराजसाहेबांपुढं बोलेन. देतील ते प्रायश्चित्त घेईन." कस्तुरबाई म्हणाल्या. "पण त्या दिवशी ओट्यापाशी मी जे बोलले, ते तुझ्यापुढंच..."

"हळू," रीना म्हणाली. "उडेल ती."

ते फुलपाखरू लिंबाच्या कोवळ्या पानाशी आलं, पोट वाकवून क्षणभर टेकलं आणि पुढच्या पानाकडे गेलं.

"काय करतेय?" कस्तुरबाईंनी कुजबुजत विचारलं.

"अंडी घालतेय. एका पानावर एकच."

"एकच का गं?"

रीनानं डोळे पुसले. "सगळी एका जागी असली तर सगळीच जातात. अशी ठेवली की काही राहतात."

दोघी बघत राहिल्या. ते चौथ्या पानावर गेलं, मग पाचव्या.

"पारस आला असेल," कस्तुरबाई म्हणाल्या. म्हणायचं नव्हतं, तरी म्हणाल्या. "साडेदहाची गाडी लवकर आली वाटतं."

"बसू दे दुकानात. चहा घेईल."

रीनानं ओढणी आवरून मांडीवर घेतली आणि दगडावर थोडी सरकून बसली.