कियोकोबाईंची विचारपूस

हरणाने अनसूयाबाईंच्या शालीचं टोक तोंडात धरलं आणि सोडेना. त्या रस्त्याच्या मधोमध थबकल्या. दमयंतीने पुढे होऊन शाल हळूच सोडवून घेतली.

“घाबरू नकोस, आई. नारात ही अशीच मोकळी हिंडतात. कुणी काही म्हणत नाही त्यांना.”

“आपल्या औरंगाबादेत गुलमंडीवर गाई हिंडतात तशीच की.”

अनसूयाबाईंनी शालीचं ओलं टोक पिळलं आणि ती पुन्हा अंगाभोवती घट्ट ओढली. जपानातला अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी होता. देवळांच्या काळ्या कौलांवर बर्फ साचला होता आणि तोंडातून शब्दाआधी वाफ बाहेर पडत होती.

दमयंती जवळच ओसाकात दुभाष्याचं काम करायची. जपानी तिला वडिलांकडून आली. मधुसूदनराव औरंगाबादहून एसटीने अजिंठ्याला जात आणि जपानी प्रवाशांना लेणी दाखवत. एकाहत्तर साली चित्रकारांच्या एका गटातल्या कियोको नावाच्या बाई औरंगाबादला परतल्यावर तापाने पडल्या. गट पुढे निघून गेला. मधुसूदनरावांनी त्यांना टांग्यातून सरळ घरी आणलं. अठरा दिवस अनसूयाबाईंनी त्यांना मेतकूट-भात भरवला. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. त्यानंतर दर नव्या वर्षाला नाराहून कार्ड यायचं. मधुसूदनराव ते मोठ्याने वाचून दाखवत आणि त्याच दुपारी उत्तर लिहायला बसत.

मधुसूदनरावांना जाऊन अकरा महिने झाले होते. या वर्षीचं कार्डही त्यांच्याच नावाने आलं.

“मी फोन करून कळवते त्यांना,” दमयंती म्हणाली होती.

“फोनवर नको. एकटी बाई आहे. मी येते आहे ना तुझ्याकडे, समोर बसून सांगेन.”

येताना गाडीत त्यांनी तेवढं एक वाक्य दमयंतीकडून जपानीत घोकून घेतलं होतं.

कियोकोबाई दारातच वाट पाहत होत्या. कमरेत पार वाकलेल्या, केस कापसासारखे. त्यांनी अनसूयाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. आत एक बुटकं टेबल होतं, त्याखाली शेगडी आणि वरून गोधडी. तिघी गोधडीत पाय घालून बसल्या. चहा आला. अनसूयाबाईंनी पेला खाली ठेवला, घसा साफ केला.

तेवढ्यात कियोकोबाईंनी काहीतरी विचारलं. त्यातले दोनच शब्द अनसूयाबाईंना कळले.

“माधुसुदान-सान?”

अकरा महिन्यांत हे नाव असं कुणी घेतलं नव्हतं. घरी येणारे ‘ते’ म्हणत, ‘आमचे गाईडसाहेब’ म्हणत आणि आवाज खाली आणत. ही बाई मात्र मान वर करून, हसून विचारत होती. जणू ते बाहेर चपला काढत होते आणि आता आत येणार होते.

“आई, त्या विचारतायत, बाबा कसे आहेत.” दमयंतीचा आवाज बारीक झाला. “सांगतेस ना?”

अनसूयाबाईंनी गोधडीची कड मुठीत धरली.

“बरे आहेत म्हणावं.”

“आई—”

“गुडघे धरलेत. एवढ्या थंडीत कुठं आणायचं, म्हणून घरीच ठेवलं. सांग.”

दमयंती आईकडे पाहत राहिली. मग तिने मान खाली घालून जपानीत सांगितलं. कियोकोबाईंनी समजल्यासारखी मान डोलवली, स्वतःच्या गुडघ्यावर थापटी मारली आणि पुन्हा विचारलं.

“अजून चहा बशीत ओतून पितात का?”

“पितात. पाहुण्यांसमोरसुद्धा.”

“आणि ते सोळाव्या लेण्यातलं मरणासन्न राजकन्येचं चित्र? ते दाखवताना अजून रडू येतं का त्यांना?”

“येतं.” अनसूयाबाईंनी क्षणभर खिडकीकडे पाहिलं. “पण कबूल करत नाहीत. डोळ्यात वटवाघळांची धूळ गेली म्हणतात.”

कियोकोबाई तोंडावर हात धरून हसल्या. दमयंतीने हे सगळं सांगितलं आणि मग थांबली नाही. आणखी दोन-तीन वाक्यं ती आपणहून बोलली.

“काय सांगितलंस गं?”

“की अजून सायकलनंच स्टेशनला जातात. डॉक्टरांनी नको म्हटलं तरी.” तिने नाक ओढलं. “बरोबर ना?”

“बरोबर,” अनसूयाबाई म्हणाल्या.

वडील गेल्यावर दमयंती घरी पोहोचली तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. त्याविषयी मायलेकी आजवर कधी बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. अनसूयाबाईंनी गोधडीखालून लेकीचा हात शोधला.

निघायची वेळ झाली. कियोकोबाई हातांवर जोर देऊन उठल्या, आतून लोकरीची टोपली घेऊन आल्या आणि दमयंतीला काही म्हणाल्या.

“बाबांसाठी मोजे विणणार आहेत. गुडघ्यांपर्यंत येतील असे. पोस्टानं पाठवतील. पायाचं माप विचारतायत.”

अनसूयाबाईंनी टेबलावर हात पसरला. वीत घातली, तिच्यापुढे दुसऱ्या हाताची दोन बोटं टेकवली. मग काही आठवून तिसरंही. कियोकोबाईंनी त्यावरून लोकरीचा धागा ताणला आणि गाठ मारली.

“रंग कोणता, विचारतायत.”

टोपलीत पांढरे, निळे, तपकिरी गुंडे होते. अनसूयाबाईंनी ते एकेक उचलून उजेडात धरून पाहिले.

“तपकिरी. मळखाऊ बरा,” त्या म्हणाल्या. “किती सांगितलं तरी मोज्यांनीच अंगणात जातात.”