न आवडणारा चहा

सरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि ते सुखरूप घरी आले. सोफ्यावर नीट टेकलेही नव्हते, तोच बायकोने सांगून टाकलं, "तुम्ही धडधाकट परत यावं म्हणून मी चहा सोडलाय. कायमचा."

सर जन्मभर शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. नवस म्हणजे त्यांच्या मते भाबड्यांचा बाजार.

"अगं, माझी झडप डॉक्टरांनी बदलली. तुझ्या कपाचा तिच्याशी काय संबंध?"

"नसेलही. पण दोघांपैकी कुणामुळे बरे झालात, ते कुठे ठाऊक आहे? तुमच्या गोळ्याही चालू राहू देत आणि माझा शब्दही."

शब्द राहिला, पण डोकं धरलं. चहावाचून बिचारी कपाळाला फडकं बांधून फिरू लागली. ते सुनेला बघवेना. तिने ग्रीन टीचा डबा आणला, कप भरला आणि म्हणाली, "आई, घ्या. हा काही तुमचा चहा नव्हे."

"नव्हे कसा?" सर ताठ बसले. समोर फळा नव्हता, एवढीच काय ती उणीव. "झुडूप एकच! पान खुडून लगेच गरम केलं की हिरवं राहतं, तो हा. हवेत पुरतं काळं पडू दिलं की आपला रोजचा. मध्येच थांबवलं की ऊलाँग. आणि कोवळे लवदार कोंब नुसते सुकवले की पांढरा. आई एक, लेकरं चार! म्हणजे तुझा नवस मोडला. आणि बघ, मी ठणठणीत!" असं म्हणून त्यांनी छातीवर थाप मारली. टाक्यांतून कळ आली. त्यांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून हळूच मनगटावर बोटं ठेवली.

बायकोने घोट घेतला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. "मी झुडूप नाही सोडलेलं. आवडीचा सोडलाय, आलं ठेचून, दूध घालून खळखळ उकळलेला. हे गवताचं पाणी प्यायले म्हणून देव कशाला रागावेल? उलट कीव करेल माझी."

सर मोठ्यांदा हसले. छातीतला एक धोंडाही उतरला. तो गॅसचा असावा, असं त्यांनी ठरवलं.

सुनेला मात्र छंदच लागला. पुढच्या आठवड्यात ती पांढरा चहा घेऊन आली.

"याला चव आहे की नुसती अफवा?" सासूने विचारलं. सर खूश. मग आला ऊलाँग. बायकोने कप तोंडाशी नेला, वाफ हुंगली आणि चक्क डोळे मिटले.

"कसा आहे?" सरांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"बरा आहे की. फुलांसारखा वास येतो."

"कुठली फुलं? मला तर जुन्या कपाटाचा येतोय."

"तुमचं नाक ऑपरेशनमध्येच राहिलं वाटतं. सूनबाई, अजून आहे का गं थोडा?"

सरांना वर्तमानपत्रातलं एक अक्षर दिसेना. दुपारी घर निजलेलं पाहून ते स्वयंपाकघरात शिरले. ऊलाँगचा डबा माळ्यावर सारत असतानाच पाठीमागून आवाज आला.

"अहो! टाके अजून ओले आहेत आणि स्टुलावर काय चढताय?"

"डबा... ओल लागेल म्हणून..."

"माझा डबा?"

"डोळे मिटून पितेस तू!" सरांचा बांधच फुटला. "मागून पितेस! याला काय सोडणं म्हणतात? शब्द दिलास ना? मग नीट पाळायला नको? इथे जीव कुणाचा टांगणीला लागलाय?"

आवाजाने सून धावत आली. "बाबा, तुम्ही तर नवस मानत नाही ना?"

"नाहीच मानत! पण प्रयोग चालू असताना मध्येच अटी बदलत नाहीत."

सून हसली. बायको हसली नाही. तिने नवऱ्याला हात देऊन खाली उतरवलं आणि डबा सुनेच्या हातात दिला. "खरंय तुमचं. मला तो आवडायला लागला होता. चुकलंच माझं. जिभेचा काय भरवसा, उद्या ग्रीन टीचीही गोडी लागेल. आता दोघांनी मिळून पाळूया. उद्यापासून तुमचाही उकळलेला चहा बंद."

सरांनी भाषणासाठी तोंड उघडलं. हात आपोआप छातीकडे गेला. तोंड मिटलं.

"डॉक्टरही म्हणालेच होते, दुधाचा चहा कमी करा," ते म्हणाले.

डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते. दवाखान्यात प्रत्येक वेळी सरांच्या शेजारी सूनच बसलेली असायची. ती ओठ चावून बाहेर गेली.

आता रोज सकाळी दोघं समोरासमोर ग्रीन टी घेऊन बसतात. सरांनी एकदा सांगितलं होतं, की या पानांना उकळतं पाणी चालत नाही, कडू होतात. म्हणून बायको मुद्दाम उकळतं पाणी ओतते. लोकांनी विचारलं तर सर त्यातल्या औषधी गुणांवर व्याख्यान देतात.

"आवडला?" बायको घोटाघोटाला विचारते.

"छे! भयंकर."

"मग प्या निवांत."

परवा मात्र कडूपणा ओसरल्यावर सरांच्या जिभेच्या टोकाशी थोडी गोडी रेंगाळली. बरी वाटली. सरांनी घाबरून बायकोकडे पाहिलं, होतं त्याहून वाकडं तोंड केलं, "शी!" असं ठणकावून म्हटलं आणि कप तळापर्यंत रिकामा केला.