पितळी पट्टी जागेवर राहिली

काचेच्या खिडकीआड बसलेला मी एक जुना रिले आहे, मित्रांनो. नाव ऐकून तुम्हाला धावण्याची शर्यत आठवेल. पण मी आयुष्यात कधी एक पाऊलही धावलो नाही. बसल्या जागी पहारा देणे, एवढेच माझे काम. माझ्या पोटात ॲल्युमिनियमची एक पातळ चकती आहे, तिला आवरून धरणारी केसासारखी बारीक स्प्रिंग आहे आणि वर नखाएवढे केशरी निशाण आहे. चकती पुरती फिरली की निशाण पडते, ‘टक’ असा आवाज होतो आणि बाहेरच्या आवारातला दणकट ब्रेकर खाडकन वीज तोडतो. माझा आवाज एवढासा, पण त्याने डोंगर हलतो.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे एका मावशींनी माझी चकती बसवली. डोळ्याला भिंग, श्वास रोखलेला, बोटे मोगऱ्याची कळी धरावी तशी. चकती टेकल्यावर त्यांनी तिच्यावर हळूच फुंकर घातली. चकती जराशी फिरली आणि आपणहून परत आली.

“शहाणं बाळ आहे गं हे,” मावशी शेजारणीला म्हणाल्या. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी.

मग मी पेटीत बसून एका वीज उपकेंद्रात आलो. तिथल्या कुंपणाआड कॅपॅसिटर बँक होती. बँक म्हटले तरी तिथे पैशांचे काम नाही बरे का! लोखंडी मांडणीवर ओळीने रचलेले करड्या रंगाचे बंद डबे, डोक्यावर चिनीमातीचे कान. गावाची तहान वाढली, पंखे-पंप एकदम सुरू झाले की तारांमधला विजेचा दाब खचू लागतो. तेव्हा हे डबे त्याला खालून खांदा देतात. डब्यांचे दोन सारखे गट आणि दोन्ही गटांना जोडणारी एक तार. दोघी बहिणींनी भरलेली बादली दोन बाजूंनी धरून चालावे, तसे ते चालते. दोघींची चाल सारखी असेल तर तार शांत. एकीचा पाय अडखळला की तारेत वीज डुचमळते. ती डुचमळ ओळखायची, हा माझा पहारा.

तिथल्या फोरमनना सगळे आबा म्हणत. सकाळी आले की ते माझ्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि विचारायचे, “काय पहारेकरी, आहेस ना जागा?” त्यांची आणखी एक रीत होती. बँक सुरू करताना ते आत थांबत नसत. कुंपणाला टेकून, टोपी मागे सारून, डब्यांची गुणगुण ऐकत उभे राहत. सूर बरोबर लागला की मान डोलवत आत येत. त्या मान डोलवण्यावर आमच्या उपकेंद्राचा दिवस उजाडे.

वर्षे गेली. माझ्या शेजारी चकचकीत पडद्यांची नवी यंत्रे आली. त्यांच्यावर आकडे नाचत, रंग बदलत. माझ्या काचेवर मात्र धूळ साचली. आबांची टकटक हळूहळू कमी झाली, मग थांबलीच. आलेगेले म्हणत, “हा म्हातारा अजून कशाला ठेवलाय?” मी ऐकत होतो. उत्तर द्यायला मला एकच शब्द येतो आणि तो वेळेआधी उच्चारायचा नसतो.

मग तो उन्हाळा आला. आभाळ तव्यासारखे तापले. गावाच्या टोकाला दाब इतका खचला, की पाण्याचे पंप नुसते घुमत आणि उंचावरच्या टाक्या कोरड्या राहत. रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर लोक बादल्या चढवत होते. अशा दुपारी माझ्या तारेत डुचमळ आली. चकती फिरली. टक! बँक बंद.

आबा कुंपणाभोवती फिरून आले. एकही फ्यूज उडालेला नव्हता, एकही डबा वेडावाकडा दिसत नव्हता. त्यांनी माझे निशाण वर केले, डबे निवू दिले आणि बँक पुन्हा लावली. मी पुन्हा म्हणालो, टक!

फोन खणाणला. वरच्या कार्यालयातले साहेब होते. आबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी शब्द सगळ्या खोलीला ऐकू आले. “संध्याकाळच्या आत बँक हवी! टाक्या भरायच्यात. रिले म्हातारा झालाय, उगाच भुंकतोय. त्याची लिंक काढा आणि लावा!”

मित्रांनो, लिंक म्हणजे माझ्या खालची एक छोटी पितळी पट्टी. तिच्यातून माझा शब्द ब्रेकरपर्यंत पोहोचतो. ती काढली, की मी कितीही ओरडलो तरी माझे ओरडणे काचेच्या आतच राहणार.

आबांनी खिशातून पेचकस काढला. इतक्यात मीटरची पेटी खांद्याला अडकवून त्यांची सून आत आली. ती त्याच उपकेंद्रात तपासणीचे काम करायची.

“आबा, काय करताय?”

“याचं तोंड बंद करतोय. साहेबांचा हुकूम आहे.”

“आणि हा खरं बोलत असला तर?”

“अगं, डबे बघून आलो मी. सगळे धडधाकट आहेत. हाच वयानं चिडचिडा झालाय.”

“वयानं तर तुम्हीही झालात. तुमची लिंक काढली का कुणी घरात?”

आबा हसले, पण पेचकस पट्टीला लागलाच. पहिला स्क्रू सैल झाला. माझी स्प्रिंग आक्रसली.

“बरं, काढा,” सून शांतपणे म्हणाली. “फक्त आज कुंपणाशी तुम्ही उभं राहायचं नाही.”

“मग कोण? सूर कोण ऐकणार?”

“मी ऐकेन. मी उभी राहते तिथे.”

पेचकस थांबला. आबांनी वळून तिच्याकडे पाहिले, मग खिडकीतून कुंपणाकडे. ते रोज जिथे टेकत, तिथला रंग उडून लोखंड गुळगुळीत झाले होते.

“तू नाही,” ते म्हणाले.

“का? सगळे डबे धडधाकट आहेत ना?”

जिथे सुनेला उभे करायला जीव धजत नाही, तिथे पट्टी काढून स्वतःही उभे राहण्यात अर्थ नाही, हे आबांच्या चेहऱ्यावर मला काचेतून दिसले. त्यांनी स्क्रू उलटा फिरवला आणि घट्ट आवळला. मग फोन उचलला.

“साहेब, लिंक काढणार नाही. डबा अन् डबा मोजतो. बँक मिळेल, पण मोजून मिळेल.”

पलीकडून आवाज आला, “संध्याकाळी पाणी चढलं पाहिजे, आबा.”

“चढेल की.”

बँक बंद केली तरी डब्यांत वीज दबा धरून बसते. म्हणून ते दोघे आधी स्वस्थ थांबले, मग लांब दांड्याने एकेका डब्याची उरलेली वीज जमिनीत उतरवली आणि मगच हात लावला. ऊन डोक्यावर होते. सून मीटरची टोके लावायची, आकडा वाचायची आणि पुढे सरकताना गुणगुणायची:

“डब्या रे डब्या, पोटात काय?
दुखलं तर सांगावं, लाजतोस काय?
बाहेरून करडा, आतून गरम,
तुझ्या कुशीचं मला कळू दे मर्म.”

“गाणं कसलं म्हणतेस, आकडा सांग,” आबा करवादले. पण पुढच्या ओळीपाशी तेही ताल धरू लागले होते.

आतल्या रांगेत ती थबकली. गाणे तुटले.

“आबा, याचा आकडा बघा. बाकीच्यांपेक्षा केवढा जास्त आहे!”

डबा समोरून सरळ होता. आबांनी त्याच्यामागे हात घातला आणि झटकन काढून घेतला. मागची बाजू टम्म फुगली होती आणि शिवणीवर तेलाची ओल आली होती. त्याच्या पोटातले काही थर जळून बसले होते. उरलेल्यांवर त्यांचा भार पडत होता. आणखी थोडा वेळ वीज मिळाली असती तर तेही बसले असते आणि डबा फुटून तापलेले तेल उडाले असते. फुगलेली बाजू बाहेरच्या रांगेआड लपली होती, पण तिचे तोंड कुंपणाकडे होते. त्या गुळगुळीत लोखंडाच्या बरोबर समोर.

आबांनी बोटांना लागलेले तेल पुसले. मग म्हणाले, “सूनबाई, म्हातारा खरं बोलत होता गं.”

“कुठला?” तिने विचारले, आणि दोघे एवढे हसले की मांडणीवरच्या चिमण्या उडाल्या.

जुना डबा उतरवला. कोठारातून नवा आणला, मोजून जोडीदारांशी जुळतो का ते पाहिले आणि बसवला. ऊन कलले तेव्हा सगळे तयार होते. आबा कुंपणाशी गेले, टोपी मागे सारली. सुनेने कळ फिरवली. ब्रेकर खटकन जोडला गेला. माझ्या तारेत एक हलकी लाट आली आणि विरली. बहिणी पुन्हा एका चालीने चालू लागल्या. माझी चकती तळ्यासारखी स्थिर राहिली.

आणि दाबाचा काटा चढला! झोपेतून उठलेल्या पैलवानासारखा तो वर, वर, हिरव्या पट्ट्यात जाऊन बसला. बाहेर आबांची मान डोलली. थोड्याच वेळात साहेबांचा फोन आला. या वेळी तो कानाला लावता येण्यासारखा होता. “टाक्या भरताहेत, आबा! रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर नळाला धार लागलीय!”

आबा आत आले. नीट घडी घातलेला स्वच्छ रुमाल काढून त्यांनी माझी काच पुसली. किती वर्षांनी मला ती खोली लख्ख दिसली! मग पेराने टकटक. “आहेस ना जागा?” ते म्हणाले. सुनेने लाल रंगाचा एक ठिपका पितळी पट्टीच्या स्क्रूवर लावला; स्क्रू फिरवला की तो मोडणार. त्या दिवसापासून आमच्याकडे रीत पडली: ठिपका मोडायचा असेल, तर मोडणाऱ्याने आधी स्वतःच्या घरच्या माणसाला कुंपणाशी उभे करायचे. मी तिथे पहाऱ्यावर होतो तोवर तो ठिपका कुणी मोडला नाही.

आता माझ्या जागी नवा रिले आला आहे. हुशार आहे पोरगा, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतो. पण तोही त्याच तारेवर कान ठेवतो आणि त्याच्या पट्टीवरही लाल ठिपका आहे. मी शिकाऊंच्या खोलीत टेबलावर बसतो. तुमच्यासारखी मुले येतात, कळ दाबतात, माझी चकती गरगर फिरते, निशाण पडते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो.

मित्रांनो, घरात, शाळेत, यंत्रात कुणी पुन्हा पुन्हा तेच सांगत असेल, तर त्याची पट्टी काढू नका. मागे हात घालून बघा. आणि अधूनमधून आमच्या काचा पुसत जा. आम्ही जागे आहोतच, तुम्हीही आम्हाला दिसत राहा.

चला, पुढचा कोण? दाब कळ. टक!