जन्मतारीख, अक्षरी

रामहरीगुरुजींनी दौतीत टाक बुडवला आणि दाखल रजिस्टराचं पान हातानं सपाट केलं.

नाव.

"मैना," बनाबाई म्हणाली. पोरगी तिच्या पदराआडून फळा बघत होती.

"आणि वडलांचं?"

"त्येंचं नाव कसं घिऊ, गुरुजी? सोनं म्हना, नि म्होरं बा लावा."

गुरुजींनी हसत लिहिलं : सोनबा.

"ते आले नाहीत?"

"त्यो काय, लिंबाखाली बसलाय. आत चला म्हनलं, तर न्हाय म्हनतो. एवढा बाप्या, पर शाळंला भेतो."

खिडकीतून लिंबाखालचा माणूस दिसत होता. शाळेकडे पाठ करून बसला होता.

फळ्यावर रोजच्यासारखा दिनविशेष होता. आजच्या तारखेला कोण गादीवर बसलं, कुठली लढाई झाली, कोण वारलं. आणि सगळ्यांत खाली, राजांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरात : आज वाढदिवस, द्वारका, इयत्ता तिसरी. त्या एका ओळीसाठी कालव्यापलीकडची पोरंसुद्धा शाळा चुकवत नसत.

जन्मतारीख, अंकी.

हा रकाना गुरुजी येण्याआधी फार सोपा होता. हेडमास्तर आप्पासाहेब सगळ्यांना एक जून लिहायचे. "आमच्या वाडीत समद्या बायका एकाच दिवशी बाळंत होतात," असं म्हणून स्वतःच हसायचे. गुरुजींना ते सोसलं नाही. माणसाला शेत नसेल, घर नसेल, निदान स्वतःचा एक दिवस तरी असावा. त्यांनी जुनी पंचांगं जमवली. आयांना खोदून खोदून विचारायचं, सण, पाऊस, कुणाचं लग्न, आणि तारीख हुडकून काढायची. दोन वर्षांत त्यांनी एकदाही एक जून लिहिली नव्हती.

"कधी झाली ही?"

"थंडीची. हुरडा सरत आला हुता."

"तेव्हा काही घडलं होतं? जत्रा, मयत?"

"व्हय की. गांधीबाबा गेलं, त्येच्या तिसऱ्या दिशी. इंदापूरच्या वाटंला बामनांची घरं जाळली बगा, त्या सांजंची."

पंचांग उघडायची गरज नव्हती. गुरुजींनी ते उघडलं.

"ह्यो घरात न्हवता. मी एकलीच. दिवं लागायला ही झाली, नि मागनं ह्यो आला. अंगाला धुराचा वास, डोस्क्यावर पाळणा." बनाबाई पोरीच्या केसांतून हात फिरवत होती. "शिसवी हाय. वाटंत पडला हुता म्हनला. चार कोपऱ्यांला चार मैना हायत्या, म्हनून हिचं नाव…"

"एकीची चोच तुटलीय," गुरुजी म्हणाले.

केसांतला हात थांबला.

ती चोच त्यांनीच तोडली होती, चार वर्षांचे असताना. आईनं तुकडा देवघरातल्या डबीत जपून ठेवला होता, कधीतरी चिकटवू म्हणून. त्या सांजेला ती देवघरातून बाहेर आलीच नाही.

टाकाच्या टोकावरून शाईचा थेंब पडला. त्यांनी त्यावर टिपकागद ठेवला.

बनाबाई खिडकीबाहेर बघत होती. लिंबाखालच्या त्या पाठीकडे.

"मला ठावं न्हवतं, गुरुजी," ती हळू म्हणाली. "त्येला ठावं हाय, व्हय? तुमी कुठलं त्ये?"

गुरुजींनी पंचांग मिटलं.

"गुरुजी," मैना पहिल्यांदाच बोलली. बोट फळ्याच्या खालच्या ओळीकडे. "माजं नाव तितं कवा?"

त्यांनी तिच्या बोटाच्या रेषेत पाहिलं. दरवर्षी त्या दिवशी फळा असाच असणार : वर ती तारीख. मध्ये लढाया, मरणं. खाली, आज वाढदिवस. खडू धरलेला हात त्यांचाच.

त्यांनी अंकी रकाना भरला.

जन्मतारीख, अक्षरी.

एक जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

शेरा.

इथे काही लिहायचं नसतं.

"काय लिवली?" बनाबाईनं विचारलं.

"एक जून."

तिनं मान हलवली. मग पदर डोक्यावरून नीट ओढला. "हिच्या थोरल्या भावांची पन तीच हाय. आप्पासायबांनी लिवल्याली."

"म्हंजी एक जूनला माजं नाव?" मैना म्हणाली.

गुरुजी टिपकागद दाबून बसले होते. शाई केव्हाच वाळली होती.

"चल बाय," बनाबाईनं तिचा हात धरला. "तवा शाळा बंद आसती."