बगळ्याची ओ

बंदर सुटलं की माझ्या बोटीवर कुणाला नावाने हाक मारायची नाही. नियम माझ्या आज्याचा, आणि गळाने मासे मारायला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना लाइफ जॅकेट चढवतानाच मी तो सांगून टाकतो. ते हसतात. एकाने तर व्हिडिओ काढला. हसा बापड्यांनो. बुडून पाण्यातच राहिलेल्या माणसाला आपण राहिलोय हे कळलेलं नसतं. कानावर पडेल ते नाव तो उचलतो आणि हाका मारत सुटतो, आणि ज्याने ओ दिली त्याला हाक मारणाऱ्याकडे जावं लागतं. म्हणून मिरकरवाड्याच्या बाहेर पडलं की माझा इंजिनवाला बाबू हा ‘मामा’, मी ‘तांडेल’ आणि गिऱ्हाईक सगळे ‘साहेब’. नेहमीचा कुणी असला तर त्याला मी बोटीपुरतं एखादं नाव ठेवतो.

शौनकला मी बगळ्या म्हणायचो. बँकेतला पोरगा, ताडमाड उंच. बोटीच्या पुढच्या टोकाला रॉड धरून, एका पायावर भार टाकून तासन् तास उभा राहायचा. तीन वर्षं त्याने एक रविवार चुकवला नाही. मग दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी बोट रंगवायला वर ओढली, आणि त्या घाईच्या प्राण्याला तेवढाही धीर निघेना. कुणाची तरी छोटी होडी घेऊन एकटाच खडपावर, समुद्रातल्या खडकाळ जागेवर गेला. होडी सापडली, रॉड सापडला, बगळ्या सापडला नाही. बोट आठवडाभर उशिरा ओढली असती तर काय बिघडलं असतं, असं मी स्वतःला अजून विचारतो.

यंदा नोव्हेंबरात एका सकाळी त्याचे वडील धक्क्यावर आले. गोपाळकृष्ण सर. मला आठवीत दोनदा बसवण्याचा मान त्यांचाच. सगळं गाव मला रघ्या म्हणायचं तेव्हा सर एकटे ‘रघुनाथ’ म्हणत. वर्गात कुणी टोपणनाव घेतलं तर हातावर छडी. आईबापांनी विचार करून ठेवलेलं नाव मोडायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोबत मुलगी उर्वी होती आणि हातात शौनकचा रॉड.

मासे मारायचेत, त्याच खडपावर, असं म्हणाले. जन्मात समुद्रावर न गेलेला माणूस. मी उर्वीकडे पाहिलं, तर ती हळूच म्हणाली, आठवडाभर हेच चाललंय. नाही कसं म्हणणार? मी जॅकेट चढवलं आणि नियम सांगितला. सर हसले नाहीत. शुद्धलेखन तपासावं तसा त्यांनी तो दोनदा वदवून घेतला. ओ देणाऱ्याला जावंच लागतं का? जावंच लागतं. अपवाद? नाही, म्हटलं. तिथेच मला कळायला हवं होतं.

वाटेत कुप्पे मासे उड्या मारत होते, वर पक्ष्यांची गर्दी. खडप जवळ आलं तसं सगळं थांबलं. वारा नाही, पक्षी नाही, भर उन्हात पाणी हिरवं आणि घट्ट. बाबूने इंजिन बंद केलं. मी सरांना गळ टाकून दिला आणि पाच मिनिटांत रीळ फिरायला लागलं. सुरमई लागली की रीळ ओरडतं. हे मुकाट्याने, एका लयीत फिरत होतं, जसं कुणी दोरी हातात धरून चालत निघालंय.

सरांनी रॉड उर्वीच्या हातात दिला, पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि हजेरी घ्यावी तसा खणखणीत आवाज लावला.

“शौनक!”

उर्वी रडायला लागली. मी धावलो, पण त्यांना धरायची हिंमत झाली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा. त्यांचा हिशोब सरळ होता, पोराने ओ दिली की पोराला यावंच लागेल. पाणी ढिम्म हललं नाही. सर तसेच उभे, आणि पाठीमागून त्यांची मान लहान मुलासारखी दिसत होती. मला ते बघवेना. राग आला, पोराचाच. बाप एवढा आलाय आणि तू गप्प?

“अरे बगळ्या,” मी ओरडलो, “दे की रे ओ!”

“ओऽ.”

खालून नाही, लांबून नाही. बाजूच्या माणसाने द्यावी तशी. रीळ थांबलं, दोरी सैल पडली. उर्वीने गुंडाळली तर गळ स्वच्छ होता.

परत येताना सरांचा चेहरा उजळला होता. धक्क्याला उतरल्यावर त्यांनी वळून, कुणाला उतरवून घ्यावं तसा बोटीकडे हात पुढे केला, क्षणभर तसाच धरला, आणि शेजारी एका माणसाची जागा सोडून चालत गेले. बाबू पाण्याकडे बघत होता.

“बोट वर आली नाय रे,” तो म्हणाला.

माझ्या बोटीच्या अंगावर लाल पट्टा आहे. रिकामी झाली की तो पाण्यावर दिसतो. आता दिसत नव्हता. पुढच्या टोकाची फळी ओली होती, मी दोनदा पुसली तरी ओली. बाबू घरी गेला तो बोटीवर परत पाऊल टाकणार नाही असं सांगून. हाक कुणी मारली होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सकाळी आठला सरांचा फोन आला. “रघुनाथ, रात्री त्याचं ताट वाढलं होतं. तो जेवायला आलाच नाही.” मग हळूच, “तुझ्याकडे राहिलाय का रे?”

खोटं बोललो असतो. भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. पण खरं सांगितलं. तुमच्या हाकेला तो आला नाही सर, माझ्या हाकेला आलाय. त्याला न्यायचा तर बोटीवरच्या नावाने बोलवावं लागेल.

अकराच्या सुमाराला ते उर्वीला घेऊन रिक्षाने आले. धक्क्यावर मासळीचा लिलाव ऐन भरात, निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी. सर बोटीसमोर उभे राहिले. तोंड उघडलं, “शौ” एवढंच निघालं आणि मिटलं. हातातली टोपी चुरगाळत होते. लिलाव आपोआप थांबला.

“बगळ्या,” सर म्हणाले. आवाज फाटला होता. “चल रे, घरी चल.”

“ओ.”

बोट हलकेच डुलली आणि लाल पट्टा चार बोटं वर आला. धक्क्याच्या कोरड्या दगडांवर ओल्या पावलांची रांग उमटत सरांपर्यंत गेली आणि त्यांच्या बाजूने रिक्षाकडे वळली. सरांनी मागे वळून पाहिलं नाही.

उर्वी रिक्षात पुढे, ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसली. मागची सीट तिने दोघांना सोडली होती.

बाबू परत आलाय. पण बोटीवर मी आता कुणाला नाव ठेवत नाही.